दोघांचं मिळून वजन

शुक्रीचं वजन करायचं म्हणजे लाहूलाच काट्यावर चढावं लागे. आधी तिला दोन्ही हातांवर उचलून घ्यायचं, काट्यावर नीट पाय ठेवून उभं राहायचं, आकडा वाचून झाला की तिला खाटेवर ठेवून पुन्हा एकट्याने चढायचं. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उरली ती शुक्री. ही युक्ती जयश्री सिस्टरची. दर बुधवारी ती झरीच्या उपकेंद्रातून स्कूटीला काटा बांधून पाड्यावर यायची. लाहू बायकोला उचलून उभा राहिला की आजूबाजूच्या बाया दारात जमायच्या, आणि शेजारची कमळी हमखास म्हणायची, "लग्नात नाय उचललीस, आता उचल!" लाहू लाजायचा. साठीच्या माणसाने लाजावं तेवढं लाजायचा, पण मनातून त्याला ते आवडायचं.

त्या बुधवारी मात्र कोणी हसलं नाही. दोघांचं मिळून त्र्याण्णव किलो भरलं आणि एकट्या लाहूचं चोपन्न.

"एकोणचाळीस," जयश्रीने वहीत लिहिलं आणि मान वर केली. "काका, दिवाळीच्या आधी काकी बेचाळीस होती. आणि तुम्ही सत्तावन्न होतात. तुमचंपण उतरलंय."

"माझं सोड गं बाय. झोडणी चालू हाय शेतात, उतरणारच. हिचं सांग."

जयश्रीने त्याचं सोडलं नाही. बोटाला सुई टोचून रक्त मशीनवर घेतलं, आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या. "मागच्या वेळी साखर खाली गेलेली, आज वर चढलीय. गोळी घेता ना?"

"एक चुकवली नाय. जेवणाच्या आधी. सांगितलंस तशी."

"आणि मग लगेच जेवता?"

"जेवतो ना. पोटभर." लाहूने पोटावरून हात फिरवला.

"ना," खाटेवरून शुक्री म्हणाली.

तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. लक्ष द्यावं असं त्यात काही नव्हतंच. चैत्रात लकवा आला तेव्हा शुक्रीचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जिभेवरचे सगळे शब्द गेले. एवढा एक "ना" तेवढा उरला. चहा हवा का, ना. नको का, ना. पोरगा दीपेश आला गं, ना. हसतानाही ना आणि रडतानाही ना. त्या एका शब्दातून काय ते समजून घ्यायचं, आणि लाहूला वाटायचं की आपल्याला ते समजतं.

शुक्री बोलत होती तेव्हा तिच्या बोलण्यावर सगळं घर चालायचं. लाहूच्या रक्तात साखर निघाली त्याला आठ वर्षं झाली, आणि त्या साखरेचा कारभार पहिल्या दिवसापासून शुक्रीने आपल्याकडे घेतला होता. गोळ्या तिच्या पत्र्याच्या डब्यात. चहा बिनसाखरेचा. भात अर्धा आणि नागलीची भाकर दीड. ताडीला साफ बंदी, आणि बंदी मोडली की शुक्रीचा आवाज तळासरीच्या बाजारापर्यंत ऐकू जाई असं कमळी सांगायची. संध्याकाळी लाहूने पाय धुऊन खाटेवर ठेवायचा आणि शुक्रीने तळवा उजेडाकडे धरून काटा, भेग, फोड बघायचा, कारण त्याचं त्याला टोचलेलं कळत नसे. डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं, पण तिने एक संध्याकाळ चुकवली नव्हती. सगळ्या वाडीत साखरेचा आजार असून धडधाकट राहिलेला माणूस कोण, तर लाहू. ती सगळी करामत आपलीच आहे असं तो आठ वर्षं समजत होता.

ती आजारी पडली तेव्हा सून दक्षा उंबरगावची कंपनीतली नोकरी सोडून सहा महिने येऊन राहिली. स्वयंपाक तिचा, सासूला भरवणं तिचं. लाहूने शेतावरून यायचं, जेवायचं आणि बायकोशी चार गोष्टी बोलायच्या. दिवाळीनंतर मात्र दक्षाला परत जावं लागलं. तिने जाताना सासूच्या पायावर डोकं ठेवलं आणि सासऱ्याला पेज किती पातळ करायची ते तीनदा दाखवलं. लाहूने तेव्हाच ठरवून टाकलं. हिने चाळीस वर्षं मला वाढलं. आता आधी ही जेवेल, गरम गरम, आणि मग मी.

आणि तिथूनच शुक्रीचं खाणं बंद झालं.

सकाळचं तसं बरं होतं. चूल पेटवता पेटवता लाहू रात्रीची उरलेली भाकर चहात बुडवून खायचा, मग तिला पेज द्यायचा, ती मुकाट्याने घ्यायची. पण दुपारी आणि संध्याकाळी तोंड म्हणून उघडायची नाही. लाहूने मऊ भात केला, तुरीची डाळ केली, सुक्या बोंबलाचं कालवण केलं, शेजारून अंडं आणलं. शुक्री त्याच्याकडे टक लावून बघायची, ओठ घट्ट मिटायची आणि चमचा जवळ आला की मान फिरवायची. "मी जेवलो गं मघाशीच, आता तू जेव," असं तो समजुतीने सांगायचा. "ना." तासभर विनवण्या करून तो हात टेकायचा, आणि मग त्याची स्वतःचीही भूक मेलेली असायची. कधी थंड झालेले दोन घास ढकलायचा, कधी तेही नाही.

घशाचं काही दुखणं नव्हतं. रुग्णालयात डॉक्टरांनी पाणी पाजून, बिस्कीट भरवून बघितलं होतं. दर रविवारी दीपेश आणि दक्षा यायचे, सगळ्या पुरुषांची पंगत उठली की दक्षा सासूजवळ बसायची, आणि शुक्री वाटीभर भात निमूट खायची! ते बघून लाहू मनाशी म्हणायचा, सुनेच्या हातचं चालतं. माझ्या हातचं चालत नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी दीपेशचा फोन आला. जयश्रीने त्याला आकडा कळवला होता.

"बा, असं नाय चालायचं. या रविवारी दोघांनापण कामावर जायचंय, यायला जमणार नाय. पुढच्या बुधवारी वजन आणखी उतरलं तर त्या रविवारी मी गाडी करून आयला इकडं घेऊन येतो. दक्षाच्या हातचं खाते ती."

"आणि मी?"

"तूपण चल की."

"शेत कोण बघंल? बैल कोण बघंल?" लाहू म्हणाला. खरं कारण तो बोलला नाही. उंबरगावच्या त्या एका खोलीत पोरगा आणि सून पाळीपाळीने कामाला जात, तिथे चार माणसांना पाय पसरायला जागा नव्हती. शुक्री जाईल आणि आपण मागे राहू, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पण मुलाचं चुकलं असंही त्याला म्हणता येईना. जिथे खाईल तिथे तिने राहावं. फोन ठेवून तो खाटेजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "जाशील का गं मला सोडून?"

"ना," शुक्री म्हणाली, पण ते ती सगळ्यालाच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, लाहूने ठरवलं की आज काहीही करून हिला खाऊ घालायचं. सकाळपासून खळ्यावर भात झोडून तो दुपारी घरी आला. कमळी तोवर शुक्रीजवळ बसलेली होती, ती उठून आपल्या घरी गेली. लाहूने हातपाय धुतले, डब्यातली गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. भात मऊ शिजवला, वर बोंबलाचं कालवण घातलं, काटा कुठे राहू नये म्हणून बोटांनी चाचपून कुस्करलं. एवढ्यात पाऊण तास गेला. मग थाळी घेऊन तो खाटेच्या कडेला बसला.

"हां, उघड तोंड. तुझ्या आवडीचं हाय."

शुक्रीने त्याच्याकडे बघितलं.

"माझं झालं गं जेवण. खळ्यावरच जेवलो, भाकर नेली होती." त्याने पोटावरून हात फिरवला. "बघ, तटतटलंय पोट. आता तू जेव."

"ना."

"एक घास. एकच."

"ना."

लाहूच्या हातातला चमचा थरथरायला लागला. कपाळावर घाम आला, आणि मार्गशीर्षाच्या गार दिवसांत तो घाम त्याला नवलाचा वाटला. मग एकाएकी त्याला भयंकर राग आला. चाळीस वर्षांत त्याने शुक्रीवर आवाज चढवला नव्हता असं नाही, पण ती पडल्यापासून कधीच नाही. आता मात्र तो ओरडला, "विष वाटतं का तुला माझ्या हातचं? दक्षाच्या हातचं गोड लागतं आणि माझ्या हातचं नाय? जा मग! जा उंबरगावला! मी कशाला मरमर करू?"

बोलता बोलता समोरची शुक्री त्याला दोन दिसायला लागली. थाळी मांडीवरून खाटेवर घसरत होती, ती धरावी असं वाटलं पण हात तिकडे गेलाच नाही. खाटेच्या कडेवरून तो खाली घसरला आणि पाठ खाटेला टेकून तसाच बसून राहिला. आपण कुठे आहोत, कशाला बसलो आहोत, काही उमगेना.

"ना! ना! ना!" शुक्री ओरडत होती.

तिच्या उशाशी, डाव्या हाताला, एक प्याला असायचा. अशक्तपणावर म्हणून दीपेशने ग्लुकोजची पावडर आणून ठेवली होती आणि लाहू रोज सकाळी ती पाण्यात कालवून तिच्यासाठी ठेवायचा. तिने तो आज अर्धाच प्यायला होता. शुक्रीने डाव्या हाताने प्याला उचलला, कशीबशी कुशीवर वळली आणि नवऱ्याच्या तोंडाला लावला. अर्धं पाणी त्याच्या छातीवर सांडलं, पण उरलेलं पोटात गेलं. मग तिने खाटेवर राहिलेल्या थाळीत बोटं घातली, भाताचा गोळा उचलला आणि त्याच्या तोंडात कोंबला. तो गिळतोय न गिळतोय तोच दुसरा. डाव्या हाताची सवय नाही, त्यामुळे भात नाकाला लागला, मिशीला लागला, कानापर्यंत गेला. शुक्री थांबली नाही.

पाच-सात मिनिटांनी लाहूचं डोकं ताळ्यावर आलं. समोर शुक्री एकच दिसायला लागली. ती खाटेच्या अगदी कडेवर आली होती, आणखी वीतभर सरकली असती तर त्याच्या अंगावरच पडली असती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातात पुढचा घास तयार होता.

तो घास खाता खाता लाहूला वीटभट्टी आठवली.

भिवंडीकडची भट्टी, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, दीपेश पोटात. आठवड्याच्या शेवटी पीठ संपत यायचं आणि टोपलीत एकच भाकर उरायची. लाहू घरी यायचा तोच पोटावरून हात फिरवत, "मुकादमानं जेवायला घातलं आज. तू जेव." पाणी पिऊन आडवा व्हायचा. असे पाच-सहा शनिवार गेले. मग एक दिवस डोक्यावर विटा असताना तो भट्टीवर कोसळला, आणि शुक्रीला कळलं की त्या मुकादमाने जन्मात कोणाला चहासुद्धा पाजला नव्हता. त्या दिवशी ती इतकी रडली, इतकी भांडली, की शेजारच्या झोपड्यांतली माणसं सोडवायला आली. शेवटी ती म्हणाली होती, "आजपासून माझ्या डोळ्यांसमोर जेवायचं. तू जेवल्याशिवाय माझ्या तोंडात घास जायचा नाय. सांगून ठेवते."

पुढे बरे दिवस आले, टोपलीत भाकरी उरायला लागल्या आणि लाहू ते सगळं विसरून गेला. शुक्री आपल्यामागून जेवते, तशा गावातल्या किती तरी बाया जेवतात, असंच त्याला वाटत राहिलं. तिने मात्र एकही दिवस शब्द मोडला नव्हता. अंग गेलं, वाचा गेली, आणि हे तेवढं राहिलं. ती पोटावरून फिरणारा त्याचा हात बघत होती आणि तोंड मिटून घेत होती.

"अगं वेडे," लाहू म्हणाला आणि त्याला हुंदका आला. "माझ्यासाठी उपाशी राहिलीस होय? आणि मी तुलाच बोललो."

त्याने थाळी पुढ्यात ओढली. तिच्या समोर बसून एकेक घास खाल्ला, ती बघत राहिली. शेवटचा घास गेल्यावर थाळी तिला रिकामी दाखवली, लहान पोर आईला दाखवतं तशी. मग टोपातला उरलेला भात वाढून घेतला, चमचा भरला आणि काही बोलणार, तोच शुक्रीने आपणहून तोंड उघडलं.

त्या दुपारी ती वाटीभर भात जेवली आणि वर अर्धी वाटी मागून घेतली. मागितलं म्हणजे वाटीवर बोट ठेवून "ना" म्हणाली. लाहूला हसूही येत होतं आणि रडूही. पाण्याला गेलेली कमळी परतताना हा आवाज ऐकून धावत आली तर हा माणूस मिशीला भात लावून हसतोय. तिने आधी घाबरून जयश्रीला फोन लावला आणि मग विचारलं काय झालं ते.

जयश्री स्कूटी दामटत आली. साखर तपासली, आणि सगळं ऐकून झाल्यावर लाहूला असं झापलं की शुक्रीच्या जुन्या आवाजाची आठवण व्हावी. "गोळी पोटात गेली की ती साखर खाली ओढते, काका. तुम्ही खाल्लं नाही तर माणसालाच खाली ओढते. जेवण शिजलं, थाळी वाढली की मगच गोळी, आणि वीस मिनिटांत जेवायला बसायचं. खिशात साखरेची पुडी ठेवायची. कळलं?"

"कळलं बाय. पण आता मला कोण चुकू देतंय?" लाहू म्हणाला आणि त्याने खाटेकडे बोट केलं.

त्या दिवसापासून घराची घडी बसली. स्वयंपाक झाला की लाहू गोळी घ्यायचा, थाळी घेऊन शुक्रीच्या समोर बसायचा, दीड भाकर आणि अर्धा भात संपवायचा. मग तिची पाळी. वेळ जरा टळली तरी ती डाव्या हाताने खाट वाजवायची. सोमवारी संध्याकाळी तिने खाट वाजवली तेव्हा तो गोंधळला, जेवण तर झालं होतं. मग तिने त्याच्या पायाकडे बघितलं. लाहूने पाय धुतले आणि तळवा तिच्यापुढे ठेवला. आठ महिन्यांत कोणी बघितला नव्हता तो. टाचेजवळ एक भेग निघाली, तिच्यावर शुक्रीने बोट ठेवलं आणि डोळे वटारले. लाहूने मुकाट्याने मलम लावलं. इतकी वर्षं आपण आपल्या जोरावर जगलो असं समजणाऱ्या माणसाला आपण कोणाच्या जोरावर जगलो हे कळलं, आणि त्याला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. उलट असं कोणी आपल्याला मिळालं याचं त्याला राहून राहून नवल वाटत राहिलं.

बुधवारी काटा आला. लाहूने शुक्रीला उचललं आणि काट्यावर जपून पाय ठेवला. कमळी दारात उभी होती.

"पंच्याण्णव," जयश्री म्हणाली. "आता एकटे."

लाहू एकटा चढला.

"पंचावन्न. म्हणजे काकी चाळीस! काका, दोघांचंही एकेक किलो चढलंय. सारखंच."

"सारखंच चढणार," कमळी म्हणाली. "एकाच घासाचे हायत ते."

लाहूने फोनवर दीपेशला आकडा सांगितला. दीपेशला खरं वाटेना. रविवारी तो गाडी घेऊन नाही, मोटारसायकलवर एकटाच आला, दक्षाची कामाची पाळी होती म्हणून. सकाळची पाळी संपवून तसाच निघाला होता आणि दुपार कलताना पोचला. लाहूचं नुकतंच जेवून झालं होतं आणि शुक्रीची थाळी वाढलेली होती.

"आण बा, आज मी भरवतो," दीपेश म्हणाला आणि खाटेच्या कडेला बसला. त्याने चमचा भरून पुढे केला. "आय, उघड तोंड."

शुक्रीने ओठ मिटले.

"बा! हे काय? तू म्हणालास खाते म्हणून?" दीपेशचा चेहरा उतरला. "आय, जेव ना गं."

"ना."

लाहू कुडाला टेकून बसला होता. त्याने मुलाकडे नीट बघितलं. "तू जेवलास का रे?"

"हो बा, कंपनीतच जेवून निघालो." दीपेशने पोटावरून हात फिरवला. "पोटभर."

"ना!" शुक्री म्हणाली.

लाहूला हसू आवरेना. तो उठला, चुलीवरच्या टोपातून भात काढला, भाकर काढली, कालवण वाढलं आणि थाळी पोराच्या पुढ्यात ठेवली. दीपेश एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत राहिला.

"सकाळपासून काय नाय खाल्लं," तो खालमानेने म्हणाला. "वेळच नाय मिळाला."

"तिला ठाऊक हाय. जेव."

दीपेश जेवायला बसला. शुक्रीने त्याचा शेवटचा घास होईपर्यंत वाट बघितली, आणि मग तोंड उघडलं.